बायच्या छातीतलं पाणी

माझी थोरली बहीण जव्हारजवळच्या साखरशेत गावात राहते. आम्ही तिला बाय म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा माझं सगळं बायनेच केलं. मी आश्रमशाळेत शिकत होतो तेव्हा नाचणीची शेती तिने एकटीने सांभाळली. मी आज मोखाड्याकडच्या एका शाळेत शिक्षक आहे तो तिच्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो, तर ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आठवडाभर ताप होता म्हणे. दाजी सांगत होते, बांधावरचं गवत कापून दमली, उतरेल दोन दिवसांत. पण एक वाक्य पूर्ण करायला तिला मध्ये थांबावं लागत होतं. मी शेजारची जीप बोलावली आणि आम्ही तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान. त्यांनी सिस्टरला पडदा लावायला सांगितलं आणि बायला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या की कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, छोटी काळी खपली सापडली आहे. गवतातला बारीक किडा चावला की अशी खपली पडते आणि त्यातून हा ताप येतो. रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता त्यांनी लगेच औषध सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण दम वाढला. ऑक्सिजनचा मास्क लावावा लागला. मला वाटलं, औषध चुकलं. दाजींचं एकच म्हणणं होतं: पोटात काही नाही, अंगात ताकद नाही, सलाईनच्या दोन बाटल्या तरी लावा. मॅडम नको म्हणाल्या तेव्हा ते चिडले, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच बाजूने बोललो.

मॅडमनी आवाज चढवला नाही. आम्हाला एक्स-रे दाखवला. फुप्फुस काळं दिसायला हवं, तिथे दोन्ही बाजूंना पांढरे ढग होते.

"हे पाणी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याच रक्तातलं."

मग त्यांनी सावकाश समजावलं. अंगात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढायला धावतात. रक्तवाहिनीतून बाहेर पडायला त्या तिच्या भिंतीतले सांधे सैल करतात, जंतू मारायला जहाल रसायनं सोडतात. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांची भिंत फार नाजूक. लढाई जोरात झाली की ती पाझरायला लागते आणि हवेच्या जागी पाणी भरतं. औषधाने जंतू मरत होते, पण पेशी अजून शांत झाल्या नव्हत्या. अशा वेळी वरून सलाईन दिलं तर तेही तिथेच उतरणार.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"भिंत सांधायचं कामही अशाच पेशी करतात. मेलेलं, सांडलेलं सगळं उचलायला दुसऱ्या पेशी येतात. आपण त्यांना वेळ मिळवून द्यायचा."

नाशिकला हलवायची वेळ आली तर गाडी तयार ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. तोवर बायला पालथं झोपवायचं ठरलं. तसं झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो. ती जन्मात कधी पालथी झोपली नव्हती. दोन सिस्टर तिला कडेवरच्या पोरासारखं जपून वळवायच्या, छातीखाली उशी सारायच्या, तिचे केस बाजूला घ्यायच्या. दाजी तिचे तळवे चोळत राहिले. मी तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत बसायचो. तो खाली गेला की सिस्टरला हाक मारायचो.

गाडीची गरज पडली नाही. आकडा हळूहळू वर सरकला आणि एका सकाळी बायने मास्क बाजूला करून चहा मागितला. सिस्टरनी मास्क परत लावला, पण त्या हसत होत्या.

घरी आल्यावर मी तिला ते पेशींचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठीच झटत होत्या त्या. घाई झाली त्यांची." आणि आपल्या छातीवरून तिने हात फिरवला, जसा ती माझ्या पाठीवरून फिरवायची.

भातकापणीच्या आधी तिला मॅडमना भेटायला जव्हारला जायचं होतं. परसातल्या काकड्यांची पिशवी घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. मॅडमची बदली झाली होती. बाय दारात क्षणभर थांबली. मग वॉर्डात गेली, त्या दोन सिस्टर शोधल्या आणि पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. एकीने तिला लगेच ओळखलं. तिथेच खुर्चीवर बसवलं, काकडी चिरली, मीठ आणलं. आम्ही चौघांनी ती खाल्ली. बाय त्यांना आपल्या नाचणीबद्दल सांगत होती, मध्ये कुठेही न थांबता.

मॅडमचा नवा पत्ता कोणाकडे नव्हता. त्या कुठेही असोत, त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांना त्या डोक्यापासून पायापर्यंत तपासत असतील, याची मला खात्री आहे.