जुईनं सोडलेली जागा

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती, तेव्हा विनयचा फोन आला. विनय माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत असतो. एरवी रविवारीच बोलणारा माणूस मंगळवारी सकाळी फोन करतो म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. “ताई, जुई गेली,” एवढंच तो म्हणाला. मी अमरावतीहून अकोल्याला आईकडे निघाले होते. नात, विनयची मुलगी, आजारी आहे हे आईला ठाऊक होतं, किती ते आम्ही सांगितलं नव्हतं. अकोला येईपर्यंत मला एक वाक्य जुळवायचं होतं. ते काही जुळलं नाही. आईनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पोरगी गेली काय वं?” मी मान हलवली. आज त्याला सात आठवडे झाले.

जुई बावीस वर्षांची होती. आईबापांबरोबर अकोला सोडून गेली तेव्हा सात वर्षांची. तिकडे तिचं मराठी सुटेल असं आम्ही धरूनच चाललो होतो, पण आजीशी फोनवर बोलून बोलून तिनं वऱ्हाडी तेवढी पक्की धरून ठेवली. इंग्रजी बोलताना ती तिकडचीच पोर वाटे, आणि मराठीत तोंड उघडलं की थेट अकोल्याच्या भाजीबाजारातली. मी अमरावतीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून हाडांचे, हृदयाचे सगळे प्रश्न माझ्याकडे यायचे. डॉक्टर व्हायचंय हे तिनं पंधराव्या वर्षी सगळ्यांत आधी मला सांगितलं. मलाही व्हायचं होतं. प्रतीक्षा यादीत राहून थोडक्या गुणांनी माझा नंबर हुकला होता आणि वडिलांनी पुन्हा परीक्षेला बसू दिलं नव्हतं. इतकी वर्षं झाली तरी ते आत कुठेतरी सलतच होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तिचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. तिच्या कॉलेजचा एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलशी करार होता. पदवी हातात पडायच्या आधीच अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, आणि निवड झाली की ते तुमची जागा राखून ठेवतात. मोठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही, मात्र उरलेल्या वर्षांत गुण घसरू द्यायचे नाहीत. तिची निवड झाली होती. आणि मी, तिची आत्या, काय बोलले? “म्हणजे खऱ्या मेडिकलला नाही का जमलं?”

तिनं शांतपणे समजावून सांगितलं की हे डॉक्टर पूर्ण डॉक्टरच असतात, औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. वर हाडं आणि स्नायू हातांनी तपासायचं, हातांनी उपचार करायचं शिक्षण त्यांना वेगळं मिळतं. माझ्या शंका संपल्यावर मी तिचं अभिनंदन केलं. पण ते उशिराचं अभिनंदन होतं, आणि ते दोघींनाही कळलं होतं.

त्या हिवाळ्यात ती तीन आठवडे अमरावतीला माझ्याकडे राहिली. एका दुपारी आम्ही गच्चीवर संत्री सोलत बसलो होतो. मुलाखतीत काय विचारलं असं मी सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, हाच मार्ग का, असं विचारलं. मग फोडी वेगळ्या करत, माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं, “मी तुह्याबद्दल सांगितलं, आत्या. लहानपणी मले ताप आला होता, तू दुपारभर माह्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मले तसा डॉक्टर व्हायचं हाय.”

म्हणजे मी ते वाक्य बोलले त्याच्या आधीच तिनं परक्या माणसांसमोर माझं नाव घेतलेलं होतं. मला तेव्हाच तिची क्षमा मागायची होती. पण मी सालं गोळा करून आत गेले...

शेवटच्या वर्षाला तिला रक्ताचा कर्करोग निघाला. मेडिकल स्कूलनं जागा एक वर्ष राखून ठेवायची तयारी दाखवली आणि ती त्या एका वर्षावर जगू लागली. केमो घेता घेता पेपर दिले, गुण घसरू दिले नाहीत. राहिलेली पदवी तिनं दवाखान्याच्या खाटेवर पुरी केली. पण आजार पुन्हा उलटला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईबापांना न विचारता तिनं मेडिकल स्कूलला पत्र लिहिलं की माझी जागा मोकळी करा.

व्हिडिओ कॉलवर तिनं मला हे सांगितलं. डोक्यावर केस नव्हते, चेहरा आठवीतल्या मुलीएवढा झाला होता. मी म्हणाले, एवढी घाई कशाला केलीस, थांबायचं होतं थोडं. त्यावर ती म्हणाली, “यादीत कोणीतरी वाट पाहून राहिलं असन, आत्या. मी जागा अडवून काहून ठेवू?”

अशा यादीत वाट पाहणं काय असतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी रडत रडत तिला म्हणाले, त्या दिवशी मी खरं मेडिकल म्हणाले ना, मला माफ कर बाई. ती हसली. दमली होती, तरी हसली. म्हणाली, “मले तवाच समजलं होतं. तुले तुही हुकलेली जागा आठवली होती.” त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

तिच्या जागेवर कोण आलं, आम्हाला माहीत नाही. विनयनं विचारलंही नाही. मला मात्र वाटतं, कुठेतरी एका घरात त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील. किंवा तिकडे जे काही वाटतात ते.

त्या हिवाळ्यात तिनं देवनागरी लिहिण्याचा सराव म्हणून माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. ‘साकर’. ‘तुरिची डाळ’. ‘मिठ’. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल शाई चालवलेली बाई मी, तेव्हा म्हटलं होतं, जाताना तिच्याकडूनच दुरुस्त करून घेऊ. ते राहून गेलं. परवा मिठाचा डबा रिकामा झाला म्हणून घासायला काढला, तर पट्टीचा एक कोपरा सुटलेला दिसला. डबा घासला नाही. कोरड्या फडक्यानं आतून पुसला, कोपरा खळीनं चिकटवला, वाळू दिला आणि त्यातच पुन्हा मीठ भरलं.