कुबड्यांशेजारची चप्पल

तार आली तेव्हा मी अमरावतीच्या घरी लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधत होते. नलूताई, माझी थोरली नणंद, अकोल्याला पहाटे झोपेतच गेली होती. मी उरलेल्या दोन बरण्या बांधल्या, हात धुतले आणि अकोल्याची बस धरली. बरण्या उघड्या टाकून गेले असते तर ते तिलाच आवडलं नसतं. आता याला महिना होत आला. घरात कोणी रडून लिहील, कोणी श्लोक घालून लिहील, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. तिच्याबद्दल लिहायचं तर मला नेपल्सबद्दल लिहावं लागेल, आणि ते माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही.

लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पुसून ती माहेरी परत आली आणि धाकट्या भावांना तिनंच वाढवलं. त्यांतला सर्वांत धाकटा वसंता, माझा दीर, विलायतेत डॉक्टर झाला. सात-आठ वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला दिवस गेले. तिला आई नव्हती. वसंतानं लिहिलं, ताईला पाठवा. ताई म्हणाली, "सुमन येत असंल त जातो, नाही त नाही." मी शाळेतून बिनपगारी रजा काढली. मुंबईहून आगबोटीनं नेपल्स, तिथून पुढं आगगाडी, असा बेत होता. डिंकाच्या लाडवांचा डबा ताईनं सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नाही.

बोटीवर तिनं स्वयंपाकघराला एकदा भेट दिली आणि चरबीचा वास आला म्हणून जेवण सोडलं. मग चिवडा, केळी आणि चहा. चिवडा एडनपर्यंत पुरला. परक्याच्या हातचं ती एरवीही खात नसे. अपवाद एकच, नवसाचं जेवण. कौंडण्यपूरच्या यात्रेत कोणी नवस फेडायला रोडगे घातले, की ही पंगतीत बसलीच. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे. वांग्याच्या भाजीबरोबर खातात. नवसाच्या पानाला नाही म्हणायचं नाही, मग घालणारा कोणी का असेना... हा तिचा नियम होता आणि तिचे नियम मी कधी तपासले नाहीत. वेळ नव्हता.

नेपल्सला उतरलो तो शनिवार होता. पुढची गाडी सोमवारी सकाळी. बंदराजवळच्या एका लहानशा खाणावळवजा हॉटेलात खोली मिळाली. ताई खाटेवर बसली. पदर सैल झाला होता, गालफडं बसली होती. ती म्हणाली, "सुमन, मी इथूनच वापस जातो. सोमवारी ममईची बोट हाय, मी विचारून ठेवलं."

"कोणाला विचारलं? कोणत्या भाषेत?"

"बोट दाखवली, ममई म्हटलं. न समजाले काय झालं?"

"आणि तिकडं ती पोरगी वाट बघून राहिली तिचं काय?"

"लाडू घेऊन जाय तू. माह्याच्यानं होत नाही आता."

मी वाद घातला नाही. उपाशी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण मनातून घाबरले होते. मला स्वतःला मूल नाही. विलायतेत जाऊन त्या पोरीच्या उशाशी बसून मी करणार काय होते? बाळाला अंघोळ कशी घालायची हे ताईला माहीत, मला नाही.

रविवारी सकाळी म्हटलं, जायचं तर जा, पण शहर तरी बघून जा. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोरी बांधून धुणं वाळत घातलेलं. खाली लसणाच्या वेण्या, लाल मिरच्यांच्या माळा, टमाट्यांचे ढीग, आणि सगळे एकमेकांवर ओरडत होते. "भांडून राह्यले काय वो हे?" ताईनं विचारलं. मी म्हटलं, भाव करताहेत. तिला जरा बरं वाटलं. "मंग तेल्हाऱ्याचा बजारच म्हनाव की."

एका चौकात जुनं चर्च होतं. सगळे बूट घालून आत जात होते, मीही गेले. ताईनं मात्र पायरीवर चप्पल काढली, अकोल्याच्या मोच्याकडची, टायरच्या तळाची. मी खूण केली, चालतं म्हणून. ती म्हणाली, "त्याईचं त्याईले. देवाच्या घरात मी नाही जात चपला घालून." आत मेणबत्त्या होत्या, सोनेरी छत होतं. एका भिंतीला पत्त्यांतल्यासारखे पत्र्याचे बदाम आणि लाकडी कुबड्या टांगल्या होत्या. ज्यांचे पाय बरे झाले त्यांनी वाहिलेल्या असणार, हे सांगायला कोणी लागलं नाही. बाहेर येऊन बघतो तर पायरीवर चप्पल नाही.

मी इकडंतिकडं शोधत होते, तेवढ्यात समोरच्या पावाच्या भट्टीतून एक म्हातारी आली. काळे कपडे, हातभर पीठ. तिनं ताईच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, चर्चकडे पाहिलं, आणि ताईचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मग आम्हाला ओढतच भट्टीत नेलं.

"हिले वाटून राह्यलं, मी नवसाची अनवानी आली," ताई म्हणाली.

"मग सांगू तिला, चप्पल चोरीला गेली म्हणून?"

"चूप राय."

म्हातारीनं भट्टीतून एक चपटी गरम भाकर काढली. वर टमाटा, लसूण, तेल, कसलासा पाला. ताईनं हाताचा मासा करून हवेत पोहवला आणि भुवया उंचावल्या, यात आहे का म्हणून. म्हातारीनं जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं, नाही म्हणून. मग ताईनं डोक्याशी दोन बोटांची शिंगं करून बैल दाखवला. पुन्हा 'च्च'. ताई खाली पिठाच्या पोत्यावर बसली, भाकर कपाळाला लावली आणि पहिला घास घेतला.

"रोडगाच हाय वो माय... नुसता थापटलेला. मिरची कमी हाय."

मी मिरचीच्या माळेकडे बोट दाखवलं. ताईनं एक मिरची वर चुरली आणि सबंध भाकर संपवली. मग दुसरी. म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. आपल्याकडची कोणतीही बाई अशीच बघते. निघताना तिनं आपल्या पायांतल्या जाड लोकरी सपाता काढून ताईच्या पायांशी ठेवल्या.

चप्पल पुन्हा एकदा शोधावी म्हणून मी चर्चमध्ये गेले, ताई मागोमाग आली. ती सापडली. झाडणाऱ्यानं उचलून त्या भिंतीवर, कुबड्यांच्या शेजारी, खिळ्याला टांगून ठेवली होती. कोणाचा तरी नवस, असंच वाटलं असणार त्याला. मी काढायला हात वर केला तर ताईनं मागून मनगट धरलं.

"राहू दे. माहे पाय मांगं वळून राह्यले होते. झाले आता सरळ."

सोमवारी आम्ही स्टेशनवर गेलो. बंदराकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. पुढं विलायतेत तिनं वसंताच्या मुलीला पहिली अंघोळ घातली, तिच्या आईला डिंकाचे लाडू चारले आणि चार महिने राहून परत आली. त्यानंतर अकोल्याच्या घरी हिवाळ्यात रोडगे झाले, की थोडी कणीक ती थापटून वेगळी भाजायची. वर टमाटा, लसूण आणि सढळ हातानं मिरची. शेजारणी विचारायच्या, हे काय? "नवसाची भाकर," ती सांगायची. कोणाचा नवस, ते सांगत नसे.

तेराव्याला भटजींनी दानासाठी छत्री, काठी, चप्पल सांगितली. पुढची वाट तापलेली असते, पाय पोळू नयेत म्हणून चप्पल द्यायची. वसंता आता देशातच असतो, तो म्हणाला, "वहिनी, ताईच्या मापाची आणू का?" मी म्हटलं आणा, पद्धत आहे ती. पण खाटेखालच्या लोकरी सपातांना हात लावू दिला नाही. त्या मी अमरावतीला आणल्या आहेत. थंडीत स्वयंपाकघरात वापरीन, तशा चांगल्या आहेत अजून.

चपलेची मला काळजी नाही. जिथं पोचली असेल तिथं तिनं ती दाराबाहेरच काढली असणार. आणि आत जाऊन, कोणी पान वाढायच्या आधी, हाताचा मासा करून विचारलं असणार.