खंडेनवमीला ठेवलेली तलवार

सुनेची तलवार मी घालवली. मुलाने नाही.

तलवार खरी नव्हती. मुलगा आणि सून टीव्हीला जोडून एक जपानी खेळ खेळतात. त्यात सामुराई असतात, निन्जा असतात, शिंगं फुटलेले राक्षस असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी घरात अडकलो, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, दिवसभर बातम्या बघून डोकं फिरवून घेण्यापेक्षा राक्षस मारा." तिनेच मला बटणं शिकवली. दोघं कामाला गेली की दुपारी टीव्ही माझा.

सातपूरच्या एका कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत टूलरूममध्ये होतो. पितळेला कोणतं टूल लावायचं, बिडाला कोणतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. इथे मात्र डोकं चालेना. एक तलवार, जोडतलवारी, भाला, कुऱ्हाड, साखळी बांधलेला विळा. कुऱ्हाडीच्या घावाने राक्षस लोळायचा, पण मी ती उचलेपर्यंत त्याने मला लोळवलेलं असायचं. विळा फेकला की कुठे जायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यातून प्रत्येक हत्याराला आकडे आणि रंग. दिसायला सारख्या दोन तलवारी, एक निळी, एक जांभळी.

"यातली चांगली कोणती?" मी विचारलं.

"तुमच्या हाताला बसेल ती."

"मग हे आकडे कशाला?"

"ते पण बघायचे."

"आणि रंग?"

"बाबा, तुम्ही भालाच घ्या."

तिची स्वतःची एक तलवार होती, माणसाहून लांब. ओडाची म्हणतात तिला. एका राक्षसाशी कित्येक रविवार झुंजून तिने ती मिळवली होती, खेळातल्या लोहाराकडून ताकद वाढवून घेतली होती. चुकून विकली जाऊ नये म्हणून तिच्यावर कुलपाची खूण केली होती. "ही सोडून काहीही वापरा," असं तिने मला बजावलं होतं.

मग खंडेनवमी आली. मुलगा त्याच्या कारखान्यातल्या पूजेला गेला, सून ऑफिसला. खेळात जागोजागी छोटी देवळं आहेत, तिथे खेळणारा विसावा घेतो. त्या देवळात हत्यारं अर्पण करायची सोय मला दिसली. म्हटलं, वा, यांच्याकडेही शस्त्रपूजा आहे! टूलरूममध्ये आम्ही त्या दिवशी व्हर्नियर, कानशी, ड्रिल, सगळं पुसून टेबलावर मांडायचो. हळदकुंकू, झेंडू. मशीन बंद. मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी नमस्कार करून उचलायचं. मी सुनेची न वापरता पडून राहिलेली हत्यारं एकेक करून मांडली. ओडाची मांडता येईना. मुख्य हत्यारच पूजेतून वगळायचं हे मनाला पटलं नाही, म्हणून कुलपाची खूण काढली. खेळाने नक्की का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. उजेड झाला, कसलातरी आकडा वाढला. मी हात जोडले.

दसऱ्याला जेवणं झाल्यावर सून खेळायला बसली.

"अरे, माझी ओडाची कुठंय?"

"मला काय माहीत?" मुलगा म्हणाला.

"मागे माझा भाला कोणी विकला होता?"

"तो तुला विचारून विकला होता!"

"आणि ही कुलूप काढून. कमाल आहे तुझी."

मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, देवापुढे आहे, उचलली की सांगू. पुढच्या दुपारी मी प्रत्येक देवळात जाऊन उचलायचं बटण शोधलं. काही दिवस मला खरंच वाटत होतं की ते कुठेतरी असणार. मग कळलं की खेळात अर्पण केलेलं हत्यार कायमचं जातं, तरी मी गप्पच राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही.

दोघांचं एकत्र खेळणं बंद झालं. आधी ती चेष्टेत म्हणायची, "याला विचारू नका, हा खरं सांगत नाही." नंतर चेष्टा उरली नाही. तो म्हणाला गॅस बंद केलाय, तर ती स्वतः उठून बघून यायची.

शेवटी एकदा गॅलरीत मुलाला गाठून मी खरं सांगितलं. तो कपाळावर हात मारून हसला. मग म्हणाला, "बाबा, मी काल कबूल करून टाकलं."

"काय?"

"मीच विकली म्हणून. ती थांबतच नव्हती. आता मिटलंय, तुम्ही उकरू नका."

खरं बोलत होता तोवर तो खोटा होता, आणि खोटं बोलल्यावर तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. हे माझ्या डोक्यात बसेना. सुटल्यासारखं मात्र वाटलं, हेही लिहायला हवं.

दिवाळीच्या फराळाला सुनेच्या बहिणी आल्या. तिने तलवारीची गोष्ट रंगवून सांगितली. "काय भाऊजी," धाकटी म्हणाली, "घरात चोऱ्या करता होय!" सगळे हसले. मुलगा चिवड्यातले दाणे वेचत राहिला. मीसुद्धा हसलो.

पाहुण्या गेल्यावर सून बशा गोळा करत होती, तेव्हा मी म्हणालो, "ती तलवार मी ठेवली. देवापुढे."

तिला आधी थट्टा वाटली. मी सगळं सांगितलं. ती खाली बसली. "दुसऱ्या दिवशी उचलायची होती?"

"हो."

तिला हसू आलं आणि मध्येच थांबलं. ती मुलाकडे वळली. "मग तू हो का म्हणालास?"

"किती वेळा नाही म्हणायचं?"

तिने बशा बाजूला सारल्या. मग मला म्हणाली, "मी सगळ्यांसमोर याला चोर केलं, बाबा. आता काय सांगू त्यांना?"

"मी सांगतो," म्हणालो. फोन केले. पण अर्पण म्हणजे मला काय वाटलं होतं, इतकं समजावेपर्यंतच समोरचीला हसू फुटायचं, आणि मुलाचं राहूनच जायचं. "मुलाला वाचवताय ना?" असं थोरलीने विचारलंसुद्धा. म्हणून हे लिहून तिघी बहिणींना पाठवतो आहे. त्याने विकली नव्हती. तो पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.