लेबर रूमची लादी

अळीव निवडत बसलो होतो आम्ही दोघं, मी आणि बायको. अंबरनाथच्या आमच्या खोलीत, दाराशी. पंख्याने अळीव उडतात म्हणून पंखा बंद. लेक आत बाळाला घेऊन झोपलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीत. तिच्यासाठी लाडू करायचे होते. हिची नजर कमी झालेली, बारीक खडे दिसायचे नाहीत. ती ताटात पसरायची, मी खडा उचलायचो.

मध्येच मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला जा का म्हणालात?"

मी म्हणालो, "चहा टाक."

ती उठली. चहा केला. मला दिला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीला गेली ती परत आली नाही.

लाडू झालेच नाहीत.

त्या दिवशी म्हणजे कुठल्या, ते सांगतो. सांगायची लाज वाटते. तरी सांगतो.

माझी बायको उल्हासनगरात एका खाजगी मॅटर्निटी होममध्ये आया होती. बावीस वर्षं. लादी पुसायची, बेडपॅन द्यायची, रक्ताच्या चादरी भिजवायची. तिथे तिला सगळे मावशी म्हणायचे. मी कारखान्यात हेल्पर. चौथी शिकलेला. दोघांनी राबून लेकीला बी.कॉम. केलं.

लेकीला बदलापूरचं स्थळ आलं. सोनिवलीकडे नवीन टॉवर, लिफ्ट, खाली बाग. जात आमची एकच. पण मुलाचे वडील कंपनीत ऑफिसर होते. जात एक असली म्हणून खुर्ची एक नसते. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, "मिसेस काय करतात तुमच्या?"

बायको पोह्यांच्या बश्या घेऊन येत होती. मी म्हणालो, "नर्स आहे."

ती जागेवर थांबली. मग बश्या ठेवल्या.

पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आया आहे मी. चोरी नाही करत."

"तुला काय कळतं?" मी म्हणालो. लग्न झालं.

लेकीला दिवस गेले. बायकोचं म्हणणं, सरकारीत नेऊ. "तिथल्या सिस्टर ओरडतात, पण हात चांगला आहे. माझी तिथेच झाली ना ही." पण विहीणबाईंचा फोन आला. "भाऊ, आमच्या घरातलं पहिलं बाळ आहे. सरकारीत नको हं. तुमच्या मिसेस जिथे नर्स आहेत तिथेच करू या की. ओळख असली म्हणजे बरं पडतं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझंच खोटं माझ्या गळ्यात.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "माझी ओळख तिथल्या लादी पुसायच्या फडक्याशी आहे. विहीणबाईंना खरं सांगून टाका." मी नाही सांगितलं. उलट हिलाच बजावलं, चांगली साडी नेस, जास्त बोलू नको.

तर तो दिवस. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो. बायको आधी मागच्या जिन्याकडेच वळली. मी म्हणालो, "अगं, पुढून ये." बावीस वर्षांत पहिल्यांदा ती तिथे पुढच्या दाराने शिरली. हिरवी साडी, केसात गजरा. सोफ्याच्या अगदी कडेला बसली, उठायला लागणार असल्यासारखी.

लेक सुटली. मुलगी झाली. विहीण आत जाऊन बाळाला घेऊन बाहेर आली. बायको उठून पुढे झाली, हात पसरले. तेवढ्यात डॉक्टर मॅडम दारात आल्या.

"अरे मावशी, आहात ना इथेच? जरा आतलं आवरून घ्या ना. दुसरी बाई आली नाहीये. पेशंट थांबलाय."

बायकोचे हात तसेच पसरलेले. म्हणाली, "मॅडम, आज मी पेशंटची आई आहे."

"हो हो, माहितीये. पाचच मिनिटं."

विहीण हिच्याकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. "म्हणजे? या नर्स ना?"

तेव्हा मी बोललो. हिने नंतर विचारलं ते हेच. "जा गं. कशाला तमाशा? रोजचंच तर आहे."

ती गेली. हिरव्या साडीचा काष्टा मारला आणि गेली. लेकीला तोवर खोलीत हलवलेलं. लेबर रूमच्या दाराच्या काचेतून मला बायको दिसत होती. गुडघ्यावर बसून पुसत होती. स्वतःच्या लेकीचं रक्त. फडका पिळायची, बादली लाल व्हायची, परत पुसायची. नेहमीसारखं. कोपरेसुद्धा नीट पुसले तिने.

बाहेर आली तेव्हा गजरा कुठे पडला होता कोण जाणे. विहिणीसमोर उभी राहिली. विहिणीने बाळ छातीशी धरलं. "आधी हात धुवून या."

"धुतलेत."

"परत धुवा. साबणाने. कशाकशात असतात हात तुमचे."

मी म्हणालो, "धू ना परत. काय बिघडतं?"

तिने धुतले. आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवशी तिने नातीला घेतलं नाही. मागितलंच नाही परत.

विहिणीला बोल लावणं सोपं आहे. खरं सांगतो, तो वास आधी मलाच नको असायचा. फिनाईलचा. ड्यूटीवरून येऊन मला जेवायला वाढायची. मी म्हणायचो, "लांबून वाढ." किती वर्षं म्हटलं असेन. ती ताट ठेवून लांब बसायची. विहीण एकदा बोलली. मी रोज बोलायचो.

ती गेली त्या दिवशी सिस्टरचा फोन आला. "काका, मावशींच्या छातीत कळ आली. मॅडमनी सरकारीत पाठवलंय. आमच्याकडे फक्त बायकांचंच बघतात ना." ती पण बाईच होती. पण सिस्टरचा दोष नाही, बाळंतपणाचा दवाखाना तो. मी पोहोचलो तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, चादर तोंडापर्यंत ओढलेली. हात बाहेर राहिला होता. मी तो हातात घेतला. वास तोच. तेव्हा लांब झालो नाही. तेव्हा काय उपयोग?

लेकीला आणि बाळाला विहीण बदलापूरला घेऊन गेली. "तुमच्याकडे आता बघणार कोण?"

दोन महिन्यांनी त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं झालं. पाळण्याला फुगे, बायका जरीच्या साड्यांत. विहिणीने मला बाजूला घेतलं. "भाऊ, इथे सगळ्यांना मी नर्सच सांगितलंय हं. आता त्या नाहीत, कशाला उगाच."

मी मान हलवली. खाली जायची सवयच होती मानेला.

शेजारची एक म्हातारी जवळ येऊन बसली. प्रेमळ बाई. म्हणाली, "आजी नर्स होत्या ना हो? मग नातीला पहिल्यांदा त्यांनीच हातात घेतलं असेल. नशीब लागतं."

मी म्हणालो, "नाही."

म्हातारीला ऐकू आलं नसेल. मी उभा राहिलो.

"नर्स नव्हती. आया होती. इंदू नाव होतं तिचं." चाळीस वर्षांत मी ते नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं, अगं म्हणायचो. "या नातीच्या जन्माच्या वेळचं रक्त हिच्या आजीने पुसलं. मी पुसायला लावलं. मग हिला तिच्या हातात दिलं नाही, आणि मी गप्प बसलो. नर्स आहे हे खोटं पण माझंच."

पाळण्याची दोरी हलायची थांबली. विहीण म्हणाली, "भाऊ, ही वेळ आहे का?"

लेक पाळण्याशी उभी होती. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आईनेही नाही. "आईने पुसलं? माझं?"

"हो."

ती बघत राहिली. सासूकडे नाही. माझ्याकडे. ती नजर मी घेतली. माझ्याच वाट्याची होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठलो. ती उठायची त्या वेळेला. मोरीच्या कडेला तिचा फडका होता, दोन महिने वाळून कडक झालेला. भिजवला. बादलीत फिनाईल टाकलं. गुडघ्यावर बसलो. सत्तरी आली, आणि हे घर मी कधी पुसलं नव्हतं.

शेजारीण दारावरून जाताना हसली. "काय काका, एखादी बाई लावा की कामाला."

"लावली होती," मी म्हणालो. "चाळीस वर्षं."

तिचं हसू गेलं.

आठाच्या सुमाराला जावई आला. मी परत पहिल्यापासून पुसत होतो. कोपरे राहिले होते. तो दारातूनच म्हणाला, "बाबा, माझी आई रात्रभर झोपली नाही. एक फोन करा. सॉरी म्हणा, विषय संपेल."

"लादी ओली आहे. तिथेच थांबा."

तो थांबला. मी पुसत पुसत उंबऱ्यापर्यंत आलो. घाई केली नाही.

मग वर बघून म्हणालो, "जिला सॉरी म्हणायचं ती गेली. तुमच्या आईला मी फोन करणार नाही. नात मोठी झाली की तिला सांगणार, तुझी आजी आया होती आणि आजोबाने काय केलं. शाळेत विचारतील तिथे सांगणार. लग्नात विचारतील तिथे पण, तोवर जगलो तर."

तो जिना उतरला.

फडका पिळून दोरीवर टाकला. उद्या परत लागणार होता. हाताला वास येत होता.

धुतले नाहीत. तसाच जेवायला बसलो.