तात्यांची तुटक रेघ

वंशावळ काढायचं माझ्याच डोक्यात आलं. घराण्यातली पहिली पदवीधर मी. मी नाही तर कोण काढणार? जनगणनेच्या जुन्या पुस्तकात आमच्या गावची घरं मोजलेली, माणसं मोजलेली, नाव मात्र एकाचंही नाही. मग पोलादपूरच्या तहसीलमधून जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या नकला काढल्या, आणि गावकीने सांभाळलेली लग्नांची वही मागून आणली.

त्या वहीत आजी-आजोबांचं लग्न ‘पाट’ म्हणून लिहिलेलं होतं, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. पुढे लिहिलेलं, सोबत एक मुलगा. तो मुलगा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमचे तात्या.

घरातल्या मोठ्यांना हे ठाऊक होतं. आजोबांनी त्यांना थोरला म्हटलं, तिथं विषय मिटला होता. शिमग्याला पालखी दारात आली की घराचा नारळ तात्यांनी द्यायचा, देवाला गाऱ्हाणं तात्यांनी घालायचं. मी महाडला कॉलेजात जायला निघाले तेव्हा पहिल्या दिवशी मला एसटीत बसवून देणारेही तेच. कंडक्टरला म्हणाले होते, “आमची पोर हाय, नीट उतरवा.”

मी कागदाशी प्रामाणिक राहिले. मोठ्या कार्डशीटवर बाबांना आजोबांपासून सरळ रेघ काढली, तात्यांना नुसती आजीपासून, तीही तुटक. शिमग्याला मुंबईची माणसं येणार म्हणून ती पडवीच्या भिंतीवर लावली.

पालखीच्या दिवशी सकाळी तात्या आले. चष्मा घरी राहिलेला.

“वाच गो, मी कुठं हाय?”

मी बोट ठेवलं.

“माझीच रेघ उंदरानं कुरतडली काय?”

सगळे हसले. मीही हसले, आणि समजावून सांगितलं. पाट, सोबत मुलगा, सगळं. मोठ्याने, वर्गात शिकवावं तसं. बोलता बोलता लक्षात आलं की आता कुणीच हसत नाही.

“झालं तुजं शिक्षान?” आई म्हणाली.

“पोरीनं बरोबर लिवलंय,” तात्या म्हणाले. “चाय टाका.”

दुपारी ढोल वाजवत पालखी दारात आली. ताटात नारळ तयार. तात्या मागे, खांबाला टेकून.

“दादा, पुढं ये की,” बाबा म्हणाले.

“तू घे. तू सरळ रेघेतला.”

“नाटकं करू नको. लोक खोळंबलेत.”

पालखी खांद्यावर घेतलेली पोरं जागच्या जागी पाय बदलत उभी होती. मी धावत जाऊन कार्डशीट ओढली, टराटरा फाडली.

“फाडतेस कशाला गो? खोटं थोडंच हाय,” तात्या म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुढे आले, ताटापाशी थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “घेऊ ना?”

मी मान हलवली. हलवायला नको होती. तुम्ही मला काय विचारता, असं ओरडायला हवं होतं. पण ढोल वाजत होता, सगळे माझ्याकडे बघत होते.

यंदाही त्यांनी तसंच केलं. नारळाला हात लावण्याआधी गर्दीत मला शोधलं. मी मुद्दाम स्वयंपाकघरात लपले होते. तेव्हा ते पालखी दारात थांबवून आत आले आणि चुलीपाशी उभे राहून विचारलं, “घेऊ ना गो?”