हळदीकुंकवात दाराशी बसलेली बाई

माझ्या व्याह्यांनी आम्हाला फसवलं. सून मनालीला फिट येतात हे लपवलं. वर आम्हाला कळू नये म्हणून लग्नानंतर तिच्या गोळ्याही बंद करायला लावल्या.

साकीनाक्याला माझा जुन्या मशिनरीचा धंदा आहे. रंगाखालचा गंज मी नुसता हात फिरवून ओळखतो. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझंच डोकं फिरतंय.

दिंडोशीला आमच्या घरी मनालीचं पहिलं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. मुलगा कामावर, हॉल बायकांनी भरलेला, म्हणून मी आतल्या खोलीत. धप्प आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर मनाली जमिनीवर… अंग ताठ, मग झटके सुरू.

"काही खाल्लं नसेल," तिची आई म्हणाली. "कांदा हुंगवा, आत्ता उठेल."

विहीणबाई फारच शांत होत्या. समोरचा मालातला दोष लपवतोय हे मला अशा शांतपणावरूनच कळतं. माझी बायको चमचा घेऊन मनालीचे दात उघडायला बसली. मी फोन काढला, तर विहीणबाईंनी माझा हात धरला.

"भाऊ, ॲम्ब्युलन्स नको. एवढ्या बायका बघतायत…"

तेवढ्यात दाराशी बसलेली एक बाई उठली.

"चमचो टाक. तिका दाबून धरू नको, कुशीर कर. गळ्यातला तोड."

मी मनालीला कुशीवर वळवलं, हलव्याचा हार तोडला. बाईची नजर घड्याळावर.

"पाच मिन्टा झाली. आता वाट बघू नको. हॉस्पिटलात ने."

विहीणबाईंनी पुन्हा धरलेला हात मी झटकला. शेजाऱ्याची गाडी खाली उभीच होती.

इंजेक्शन दिल्यावर झटके थांबले. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर विहीणबाईंच्या तोंडून फिटच्या गोळ्यांचं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, "फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटांवर गेली की इमर्जन्सी. मेंदूला इजा होते, जीवही जातो. गोळ्या कोणी बंद केल्या?"

"आम्हीच," विहीणबाई म्हणाल्या. "सासरी कळू नये म्हणून."

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "ती माझ्या आईसारखं मालवणी बोलणारी बाई कोण गं?"

"मालवणी कुठली? साधं मराठी बोलत होती."

शेजारच्या जिग्नाबेन म्हणाल्या, "नाय हो, गुजरातीत बोलली."

प्रत्येकीला वाटलेलं, ती दुसरीबरोबर आलीय. चेहरा एकीलाही आठवत नाही. आणि विहीणबाई तेव्हाच शपथेवर म्हणाल्या, दाराशी कोणी नव्हतंच.

त्या बाईचा उलगडा मला आजही होत नाही. होणारही नाही बहुतेक.

मनाली बरी आहे. गोळ्या आमच्यासमोर घेते. आजार सांगितला असता तरी मी हे लग्न मोडलं नसतं. पण व्याही माझा फोन उचलत नाहीत, म्हणून इथे विचारतो. लग्न टिकावं म्हणून पोरीच्या गोळ्या बंद केल्यात… पोर टिकेल का, हे कोणाला विचारलंत? उत्तर द्या.