आईने पाहिलेले विमान
मुलगा आकाशात असला तरी आईची नजर त्याला शोधून काढते. अमडापूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा वास आला, की मला सहवैमानिक म्हणून चेन्नईला उतरतानाची संध्याकाळ आठवते. विमान मध्येच उतरायचे थांबून सरळ उडू लागले. धावपट्टी जवळ येत होती आणि आम्ही फार उंचावर होतो. "हे काऊन उतरून नाही राह्यलं?" मी ओरडलो. "शुद्ध मराठीत विचार, ऐकेल," पुण्याचे कॅप्टन म्हणाले. ऑटोपायलटमध्ये खालच्या उंचीचा आकडा भरला होता, पण तो लागू करायचे बटण दुसऱ्याने दाबले असेल, असे दोघांनीही धरले होते. ते दाबून कसेबसे उतरलो. हॉटेलवर आईचा फोन आला, "आज गच्चीवरून तुहं इमान दिसलं रे बाप्पा, कसं झकास उतरून राह्यलं होतं! म्या हात हालवला." मी हो म्हणालो. आई गेल्यापासून गच्चीवर मी एकटाच असतो, आणि संध्याकाळचे ते विमान दिसले की हात हलवतो. अमडापूरवरून माझे विमान कधीच गेले नाही.